पाठुंगळी

भरमानं कोरियातनं कॅलेंडर पाठवलं.
पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं.
पोस्टमन म्हणाला, बंदूक मागवलीस काय गे?

बारा महिने, बारा चित्रं.
अक्षरं कुणालाच वाचता येईनात,
ना मराठी शाळेत शिकलेल्यांना, ना कन्नड.
आमच्या गल्लीत पहिल्यांदाच
एखाद्या पाटीवरनं भांडण झालं नाही.

जानेवारीत नुसतं झाड, पान नसलेलं,
त्याच्याखालून डोक्यावर ओझं घेतलेल्या दोघी.
फेब्रुवारीत उघडी पोरं
खेकड्याच्या नांगीला दोरा बांधून ओढतात.
मार्चमध्ये एक पोरगी उभी आहे,
पाठीशी तान्हं बांधून.

मी मार्च उलटलाच नाही.
लाइट बिलाची तारीख आता मोबाइलवर बघते.

रंग कसा, तर पाटा नुकताच टाकवून आणावा
तसा खरबरीत.
बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत लागला,
तेवढंच खोटं वाटलं.
डोळे नीट काढलेले नाहीत, दोन रेघोट्या, खाली वळलेल्या.
पण कंबर बरोबर काढलीय,
डावीकडं एवढीशी कललेली.
ज्यानं काढली
त्यानं कुणाचं तरी पोर वागवलेलं असणार.

निपाणीत, जत्राट वेशीपाशी, एका खोलीत
आई दिवसाला हजार विड्या वळायची.
मांडीवर सूप. मांडीवर दुसऱ्या कशाला जागा नाही.
म्हणून भरमा माझ्या पाठीवर,
जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं आवळलेला.
मी आठ वर्षांची, तो आठ महिन्यांचा.
तंबाखूच्या धुरोळ्यानं शिंकायचा,
की माझी मान ओली.

नीलव्वा हाक मारायची, बारे, जिबली खेळू!
लंगडी घातली की हा जागा व्हायचा.
म्हणून मी पंच.
फुटक्या कौलानं रेघा मीच मारायची
आणि कुणाचा पाय रेघेवर पडला ते सांगायची.
रेघेवरनं वाद व्हायचा दोन्ही भाषांत,
तोवर पाठीवरचा झोपलेला असायचा.

कॅलेंडर बघून शिप्पूरकर सर म्हणाले,
तिकडं एक चित्रकार होता,
कागद मिळेना तेव्हा
सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर पोरं कोरायचा.
मी काही बोलले नाही.
विडीला कुठला चंदेरी कागद?
पण एकदा भिजवलेल्या तेंदूच्या पानावर
खिळ्यानं भरमाचं तोंड काढलं होतं,
गाल, कान, वरची दोन दातं.
आईनं न बघताच ते पान वळलं,
दोरा गुंडाळला, बंडलात घातलं.
ठेकेदारानं छाटात काढलं नाही, म्हणजे
कुणीतरी ओढलं असणार.

परवा भरमाचा फोन आला.
जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करतो तो,
हात भरून आले म्हणाला.
अक्का, मार्च बघितलास?
बघितला की.
तुझ्यागत हाय न्हवं?
म्हणावंसं वाटलं, पाठ दुखते काय गे,
असं तिला चित्रात कुणी विचारलंय काय?
म्हटलं, तिचं पोर झोपलंय. तू कुठं झोपायचास?
हसला. मग बराच वेळ
मागं कसलं तरी मशीन चालल्याचा आवाज.

आता नोव्हेंबर.
आईला नीट दिसत नाही,
वळायचं सोडून अकरा वर्षं झाली,
तरी झोपेत तिची बोटं
हवेतच काहीतरी वळत असतात.
काल भिंतीला नाक लावून
तिनं ती पोरगी पुष्कळ वेळ बघितली.
कुणाची ही?
मी म्हटलं, लांबची.
किती वेळ झाला उभी हाय, आई म्हणाली,
ठेव म्हणावं त्याला जरा खाली.

मी चुलीकडं तोंड करून
उगीचच भाकरी उलटली.
ती कच्चीच होती.